सुपर फॉस्फेट आणि मायकोरायझा एका खड्ड्यात नकोत

कोकणातल्या जांभ्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण माती आम्लधर्मी, त्यामुळे लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. त्यात स्फुरद मातीतून फारसा सरकत नाही. मुळाने आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद शोषला, की तिथे खडखडाट. मायकोरायझा बुरशीचे केसाहून बारीक तंतू मुळापासून काही सेंटिमीटर दूर जातात, मूळकेस शिरणार नाहीत अशा फटींत शिरतात आणि स्फुरद, जस्त, तांबं आणून देतात. मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा घेतात. माडाच्या मुळांना तर मूळकेस नसतातच, त्यामुळे त्याला या सोबतीची गरज जास्त.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयुक्त बुरशी भाताच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवतात, तशी ही वाढवता येत नाही. म्हणून तिचं संवर्धन, म्हणजे वाढवलेल्या बुरशीचं विरजण, मुळांच्या तुकड्यांसह, मातीत मिसळून मिळतं आणि ते मुळाला टेकायलाच हवं. झाडाच्या बुंध्यापाशी वरून भुरभुरवलं तर बहुतेक वाया जातं. खरी जागा रोपवाटिकेतली पिशवी. काजूचं बी लावताना बियाच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली १० ग्रॅम पसरावं. आंब्याचं कोय कलम पिशवीत भरताना मुळांलगत तेवढंच. पिशवीच्या मातीत शेणखत चालेल, डीएपीसारखं स्फुरदाचं रासायनिक खत नको.

संवर्धन घरीही वाढवता येतं. १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्ड्याला काळं प्लास्टिक अंथरायचं. त्यात ५० किलो व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि ५ किलो निर्जंतुक माती मिसळून २० सेंटिमीटर थर भरायचा. पृष्ठभागाच्या २ ते ५ सेंटिमीटर खाली १ किलो चांगलं संवर्धन पसरून वर मका पेरायचा. पेरताना युरिया २ ग्रॅम, सुपर फॉस्फेट २ ग्रॅम, पोटॅश १ ग्रॅम. मग ३० आणि ४५ दिवसांनी १०-१० ग्रॅम युरिया. साठ दिवसांनी मका जमिनीलगत कापून मुळं बारीक करून मातीत मिसळली, की साधारण ५५ किलो संवर्धन हाती येतं, म्हणजे साडेपाच हजार पिशव्यांना पुरेल इतकं. पावसाळ्यात हा खड्डा उघड्यावर करू नये. प्लास्टिकमुळे पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि त्यांच्यासोबत बुरशीही. दिवाळीनंतरचा काळ बरा. तयार माल सावलीत सुकवावा. कातळावर उन्हात पसरला, की संपला.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. कलम लावताना खड्ड्यात भरपूर सुपर फॉस्फेट टाकायचं आणि त्याच मातीत मायकोरायझाही. मुळापाशी स्फुरद आयता मिळाला तर झाड बुरशीला अन्न देणं कमी करतं. फुकट मिळतंय तर भाडं कोण भरेल? सुपर द्यायचंच असेल तर माती तपासून, खड्ड्याच्या तळाशी, मुळांपासून दूर. मातीतून बुरशीनाशकाची आळवणी करायची वेळ आली, विशेषतः कार्बेन्डाझिमची, तर तीही या बुरशीला मारते.

सगळ्या पिकांना ही बुरशी लागतेच असं नाही. मुळा, कोबी, मोहरी यांची मुळं तिला जवळ करत नाहीत आणि माठाची भाजीही तशीच, तेव्हा परसातल्या या भाज्यांवर पैसे घालवू नयेत. पाणी साठवलेल्या भातखाचरातही तिचा जोर कमी पडतो. राब, म्हणजे पालापाचोळा पसरून भाजलेल्या जमिनीच्या वरच्या थरातली बुरशी उष्णतेने मरते, त्यामुळे तिथे रोपं करायची असतील तर संवर्धन भाजल्यानंतर, माती थंड झाल्यावर द्यावं.

फरक पाहायचा तर दहा पिशव्या संवर्धनाविना ठेवाव्यात आणि त्याच मातीतल्या, त्याच दिवशी पेरलेल्या दहा पिशव्यांशी तीन महिन्यांनी खोडाची जाडी ताडून पाहावी. पिशवी उपसल्यावर पांढरी जाळी दिसली म्हणून खूश होऊ नये, ती बहुधा कुजणाऱ्या शेणखतावरची दुसरीच बुरशी असते. मायकोरायझा मुळाच्या आत आहे की नाही हे कळायला मुळं ट्रिपॅन ब्ल्यू या निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागतात.