अग्नीच्या नावाचा स्पंज

कॅरिबियन किनाऱ्यावर खारफुटीची मुळे पाण्यात उतरतात तिथे शेंदरी रंगाचा एक स्पंज त्यांना लगडलेला असतो. मोहाने हात लावला, तर त्वचा लाल होऊन भगभगते, कधी फोडही येतात. त्याचे शास्त्रीय नाव टेडानिया इग्निस. लॅटिन 'इग्निस' आणि आपला 'अग्नी' ही एकाच कुळातली भावंडे, त्यामुळे हे नाव आपल्याला फोड करून सांगावे लागत नाही.

'इग्निस' हे नाव मिळाले 1864 मध्ये, कॅरिबियन बेटांवर वैद्यकी करणारे द्युशासँ आणि इटलीचे मिकेलोत्ती यांच्या ग्रंथात. तोवर स्पंज प्राणी आहे हे मान्य होऊन फार काळ लोटला नव्हता. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने त्याला आधी शेवाळांत घातले आणि 1767 मध्ये वनस्पतीसदृश प्राण्यांत हलवले. 1825 च्या सुमारास एडिनबरोच्या रॉबर्ट ग्रँटने जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत सतत बाहेर पडताना दिसला. हलत नव्हता तो स्पंज. त्याच्या आतले पाणी मात्र वाहत होते.

पण प्राणी ठरला, तरी ओळखायचा कसा? रंग उपयोगाचा नव्हता. अल्कोहोलच्या बाटलीत हा शेंदरी जीव फिका पडतो, आणि युरोपातल्या अभ्यासकांच्या हाती येत ते असे विटलेले किंवा सुकलेले नमुने. टिकतात त्या कंटिका, म्हणजे स्पंजाच्या अंगातल्या सिलिकेच्या सूक्ष्म सुया. कंटिकांवरून वर्गीकरण उभारणाऱ्यांत हेन्री जॉन कार्टर हे नाव मोठे, आणि त्याची सुरुवात मुंबईतली आहे हे मला फार मोलाचे वाटते. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या या डॉक्टरने 1840 च्या दशकात मुंबई बेटावरचे गोड्या पाण्यातले स्पंज अभ्यासले आणि 1849 मध्ये त्यांचे वर्णन छापले. इंग्लंडला परतल्यावर तो जगभरच्या स्पंजांकडे वळला. 1882 मध्ये लिव्हरपूलच्या संग्रहालयातल्या वेस्ट इंडीजच्या स्पंजांवरही त्याने लिहिले.

'टेडानिया' ही प्रजाती ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रे यांनी 1867 मध्ये मांडली. तिची खूण म्हणजे केसासारख्या बारीक, खरबरीत कंटिका. या स्पंजाला हात लावला की कंटिका टोचतात आणि त्यात त्याच्या अंगातल्या रसायनांची भर पडते. अशाच रसायनांच्या शोधात 1984 मध्ये त्यातून टेडानोलाइड वेगळे करण्यात आले. प्रयोगशाळेत हे द्रव्य अगदी अल्प मात्रेतही कर्करोगाच्या पेशी मारते.