स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल मुद्दाम केल्यासारखा का वाटतो?

ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रग्बी लीगमध्ये, दर सीझनला एक भांडण ठरलेलं असतं. याला चार मॅचची बंदी, मग अगदी तसाच टॅकल करणारा तो कसा सुटला? लगेच शिक्षा ठरवणारं पॅनल पक्षपाती आहे, मोठ्या क्लबना झुकतं माप मिळतं वगैरे सुरू होतं. मला वाटतं यातलं बरंचसं आपल्या मेंदूमुळे होतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडायचं, हा टॅकल. हात डोक्याला किंवा मानेला लागला तर तो हाय टॅकल. गंभीर हाय टॅकलवर आरोप ठेवताना प्रश्न असतो की तो निष्काळजीपणे झाला, बेपर्वाईने झाला का मुद्दाम केला. म्हणजे हात कुठे लागला एवढ्यावर भागत नाही, खेळाडूच्या मनात काय होतं तेही ठरवायचं, आणि हाताशी काय तर रिप्ले, तोही बहुतेक वेळा स्लो मोशनमध्ये.

आता जरा हिशोब करू. समोरासमोर पळत येणारे दोघं मिळून सेकंदाला 8 मीटरने जवळ येतायत असं धरा. काही दिसलं की त्यावर हालचाल सुरू व्हायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, तेवढ्यात अंतर 1.6 मीटरने कमी झालेलं असतं. त्याच वेळी दुसऱ्या कोणी बॉलवाल्याचे पाय धरले आणि तो कोसळला तर मोकळं पडणारं डोकं 0.25 सेकंदात 30 सेंटीमीटर खाली येतं (शाळेतलं s = ½gt², g 9.8 घ्या), म्हणजे छातीच्या उंचीवर निघालेला हात थेट जबड्यावर. दुरुस्तीला उरले 0.05 सेकंद, त्यात एवढा वेग घेतलेलं अंग वळवणं जमत नाही. हेच पाचपट हळू दाखवलं की ते 0.25 सेकंद सव्वा सेकंदाचे होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं अरे एवढा वेळ होता की, हात खाली का नाही घेतला?

हे नुसतं माझं मत नाही. 2016 मध्ये कारुसो, बर्न्स आणि कॉन्व्हर्स यांनी लोकांना एका खऱ्या गोळीबाराचा आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या एका टकरीचा व्हिडिओ दाखवला, काहींना नेहमीच्या वेगात, काहींना हळू. हळू बघणाऱ्यांना कृती जास्त हेतुपुरस्सर वाटली, कारण करणाऱ्याला विचाराला जास्त वेळ मिळाला असं त्यांना वाटलं. सॉकरच्या रेफरींवर झालेल्या प्रयोगातही स्लो मोशनमध्ये शिक्षा कडक झाली, फाऊल ओळखण्यात मात्र फारसा फरक पडला नाही.

टीव्हीवरचे एक्सपर्ट फ्रीझ फ्रेम लावून "बघा त्याच्या डोळ्यात" म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो. थांबवलेल्या चित्रातल्या चेहऱ्यावरून हेतू कळतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि आता एआय निकाल देईल म्हणणाऱ्यांनीही सांगावं की त्याला शिकवायचं कशावरून, याच जुन्या निकालांवरून ना?

दुसरी गोष्ट दुखापतीची. 2014 मध्ये एनआरएलचा खेळाडू अ‍ॅलेक्स मॅकिननला समोरच्या टीमच्या तिघांनी मिळून उचलून टॅकल केलं, तो मानेवर पडला, मणका मोडला आणि त्याला व्हीलचेअर आली. तिघांपैकी आरोप एकट्या जॉर्डन मॅक्लीनवर ठेवला गेला, बंदी 7 मॅचची. 2021 मध्ये लॅट्रेल मिचेलच्या हाय टॅकलने समोरच्या टीमच्या जोसेफ मनूच्या गालाचं हाड मोडलं, मैदानावर त्याला फक्त 10 मिनिटं बाहेर बसवलं आणि नंतर बंदी पडली 6 मॅचची. माझ्या मते त्याला तेव्हाच मॅचमधून काढायला हवं होतं. पण हाड मोडणं हे काही अंशांच्या कोनावरही ठरतं, आणि परिणाम एकदा कळला की तीच कृती आपल्याला जास्त वाईट दिसते, याला आउटकम बायस म्हणतात.

पॅनलला आधी खऱ्या वेगातला व्हिडिओ दाखवावा, त्यावरून मत लिहून घ्यावं, स्लो मोशन फक्त हात कुठे लागला हे बघायला वापरावं आणि दुखापतीचा रिपोर्ट शेवटी द्यावा. दोन्ही वेगात दाखवून स्लो मोशनचा परिणाम पूर्ण जात नाही, त्याच 2016 च्या प्रयोगात तो नुसता कमी झाला होता, पण जिथे एका निकालाने खेळाडूच्या कितीतरी मॅच जातात तिथे तेवढं तरी करायलाच हवं.