कुलूप चोरासाठी, फोन भंगारात

सप्टेंबर 2013मध्ये ॲपलने आयओएस 7 या आयफोनच्या प्रणालीसोबत ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणलं, म्हणजे पुसलेला फोन मालकाच्या पासवर्डशिवाय पुन्हा सुरू होऊ न देणारं कुलूप. पुढच्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या चोऱ्या 40 टक्क्यांनी घटल्या, लंडनमध्ये स्मार्टफोनच्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. फोन हिसकावताना होणाऱ्या मारहाणी आठवल्या, तर या कुलपाचं मोल कमी लेखता येत नाही. अँड्रॉइडनेही 2015मध्ये असंच कुलूप आणलं.

पण तेच आता जुन्या फोनच्या मुळावर आलं आहे.

आयफोनची ओळख ॲपलच्या सर्व्हरवर मालकाच्या खात्याशी जोडलेली असते. फोन पुसून नव्याने सुरू केला, की सर्व्हर जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. ही नोंद फोनमध्ये नसतेच, म्हणून मेमरी कितीही पुसली तरी ती जात नाही. चोर इथे अडतो. ज्याला फोन रीतसर दान मिळाला तोही इथेच अडतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर काच धड असते, बॅटरी चांगली असते, आणि पडद्यावर कुणाच्या तरी ईमेलचं पहिलं अक्षर आणि पुढे ठिपक्यांची रांग. तो माणूस शोधायचा कुठे?

मग सुटे भाग निघतात आणि मदरबोर्ड, म्हणजे चिप बसवलेली मुख्य पट्टी, भट्टीत जातो. 2024च्या आयओएस 18पासून तर कुलूपबंद फोनमधून काढलेले काही भागही दुसऱ्या फोनमध्ये नीट जुळवून घेता येत नाहीत. भट्टीतून तांबं, सोनं, पॅलेडियम परत मिळतं. चिप मात्र संपते, आणि खरी ऊर्जा ती घडवण्यातच गेलेली असते. आयफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे 80 टक्के उत्सर्जन तो बनतानाच होतं. म्हणून चालू फोन वितळवणं मला निव्वळ नासाडी वाटते. 2022मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला. त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे.

माझ्या मते तोड कंपन्यांच्याच हातात आहे. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राने फोनचा सिरियल नंबर कळवावा, कंपनीने मालकाला संदेश धाडावा, ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही आणि चोरीची तक्रारही नसली, तर कुलूप काढावं. मालकाचा डेटा आधीच पुसलेला असेल, त्यामुळे खासगीपणाला धक्का नाही.

तोवर फोन विकण्याआधी किंवा देण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन खात्यातून साइन आउट करा, मगच तो रीसेट करा. विसरून देऊन टाकला असेल, तरी आयफोन असल्यास आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो आपल्या खात्यातून काढता येतो.