डोळ्याच्या बाहुलीचे माप घेताना: आमच्या आयट्रॅकर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बरेच संशोधक आमच्याकडून आयट्रॅकर नेतात ते नजर कुठे जाते हे पाहायला. मग डेटाच्या फाइलमध्ये बाहुलीच्या आकाराचाही रकाना दिसतो. रकाना मोलाचा आहे, पण तो जसाच्या तसा उचलून आलेख काढला तर हाती बहुतेक खोलीतल्या उजेडाचाच आलेख येतो. तसे होऊ नये म्हणून हे पत्रक.

बाहुली काय सांगते

1966 साली डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आकड्यांच्या मालिका ऐकवून लक्षात ठेवायला सांगितल्या. एकेक आकडा कानावर पडला की बाहुली थोडी मोठी होई, आणि आकडे परत म्हणून दाखवताना तशीच टप्प्याटप्प्याने लहान होई. मेंदूवरचा ताण असा क्षणाक्षणाला बाहेरून मोजता येतो, हेच या मापाचे आकर्षण. मात्र ताण, भीती, आश्चर्य, आवड या सगळ्यांनीच बाहुली मोठी होते. नुसत्या आकारावरून यातले नेमके काय झाले ते कळत नाही. त्याचे उत्तर प्रयोगाच्या मांडणीतूनच काढावे लागते. खोटे बोलणारा माणूस यावरून पकडता येईल का, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. नाही, आणि त्या कामासाठी आम्ही यंत्र देत नाही.

उजेड सांभाळा

उजेडानुसार बाहुलीचा व्यास साधारण 2 ते 8 मिलिमीटर असा बदलतो. विचारांच्या ताणाने होणारा बदल अर्ध्या मिलिमीटरपलीकडे क्वचितच जातो. म्हणजे सोपे गणित उजळ स्क्रीनवर आणि अवघड गणित गडद स्क्रीनवर दाखवले, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. पार्श्वभूमी करडी ठेवा, सगळ्या चित्रांची उजळता सारखी करा आणि ती स्क्रीनवर मोजून पाहा. डोळ्यांच्या अंदाजावर भिस्त नको. खिडकीला जाड पडदा हवा. मिट्ट काळोख मात्र करू नका, कारण आधीच पसरलेल्या बाहुलीला आणखी मोठे व्हायला जागा उरत नाही.

वेळेचेही भान ठेवा. उजेड पडल्यावर बाहुली सुमारे 200 मिलिसेकंदांत आकसू लागते. ताणाचा परिणाम मात्र सावकाश चढतो आणि शिखर गाठायला सेकंदभर किंवा जास्तही घेतो. म्हणून दोन ट्रायलमध्ये (म्हणजे प्रयोगाच्या दोन फेऱ्यांमध्ये) काही सेकंदांची उसंत द्या. बाहुली अशी सावकाश बदलते, म्हणून फक्त तीच मोजायची असेल तर 60 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 60 वेळा मोजणारे, यंत्र बहुधा पुरते. महागडे यंत्र घेण्याआधी आमच्याशी बोला.

कॅमेऱ्याची फसगत

कॅमेरा जागचा हलत नाही, डोळा हलतो. नजर कोपऱ्यात गेली की गोल बाहुली कॅमेऱ्याला लंबगोल दिसते आणि आकडा घसरतो. बाहुली असते तेवढीच. प्रश्न शक्यतो कानावर पडू द्या आणि नजर मधल्या खुणेवर ठेवायला सांगा. हनुवटीचा टेकूही वापरा.

पापणी लवताना फाइलमध्ये आकडा झपकन उतरतो, नाहीसा होतो आणि तितक्याच वेगाने वर येतो. त्या उतारावरचे आकडे बाहुलीचे नसून अर्धवट झाकलेल्या डोळ्याचे असतात. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे 50 ते 100 मिलिसेकंदही काढून टाका, मगच मधली जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरा. किती डेटा गेला तर ट्रायल बाद करायची, हे निकाल पाहण्याआधी ठरवा.

आकडे वाचताना

काही यंत्रे व्यास देतात, काही क्षेत्रफळ; काही मिलिमीटरमध्ये, काही पिक्सेलमध्ये. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, तेव्हा दोन यंत्रांचे आकडे एकत्र करू नका. पिक्सेलचे मिलिमीटर करायचे असतील तर ठाऊक मापाचे काळे वर्तुळ छापून डोळ्याच्या जागी धरा आणि नोंद घ्या.

प्रत्येक ट्रायल सुरू होण्याआधीच्या क्षणभराची सरासरी ही बेसलाइन. ट्रायलमधल्या आकड्यांतून ती वजा करा, तिने भागू नका: बेसलाइन नेमकी पापणी लवताना घेतली गेली तर भागाकार अवाच्या सवा फुगतो.

वय, चहा-कॉफी, औषधे, थकवा या सगळ्यांचा परिणाम होतो. नोंद ठेवा आणि शक्यतो एकाच व्यक्तीच्या दोन स्थितींची तुलना करा. सहभागींना मस्कारा न लावता यायला आधीच कळवा, नाहीतर काळ्या पापण्यांनाच यंत्र बाहुली समजते.

आम्ही यंत्र बसवायला येण्याआधी खोलीचे फोटो, स्क्रीनचे मॉडेल आणि प्रयोगातली दोन-चार चित्रे पाठवा. बसवल्यावर कोऱ्या करड्या स्क्रीनकडे मिनिटभर पाहणाऱ्या एका व्यक्तीची नोंद घ्या. काहीही न करता बाहुली किती हलते ते त्यात दिसेल. ती फाइल आमच्याकडे आली की खरा प्रयोग सुरू करण्याआधी आम्ही तपासून देऊ.