ट्रान्झिस्टर आणि जादा व्होल्टेज: डायोडपासून एमओव्हीपर्यंत

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतला ड्रिप कंट्रोलर बंद पडून नाशिकला दुरुस्तीला आला, आत बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला, की खापर विजेच्या कडकडाटावर फुटते. अनेकदा खरा दोषी त्याच बोर्डावरचा रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, असतो.

जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, काळात ही चिंता कमी होती. नळीत क्षणभर ठिणगी उडाली तरी ती बहुधा पुढे चालायची. १९४७च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर बनला आणि ही सवलत संपली. जंक्शन (आतला अर्धवाहक थरांचा सांधा) एका ठिकाणी वितळले की विषय मिटला.

१२ व्होल्ट, ४०० ओमच्या रिले कॉइलमधून ३० मिलिअँपिअर वाहतात. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइल तो प्रवाह चालू ठेवू पाहते आणि कलेक्टरवर (ट्रान्झिस्टरच्या कॉइलला जोडलेल्या पायावर) शेकडो व्होल्ट चढू शकतात. बीसी५४७ची मर्यादा ४५ व्होल्ट. म्हणून कॉइलवर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा), पट्टा प्लसकडे. उलटा जोडला तर ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय शॉर्ट. मात्र नुसत्या डायोडने प्रवाह सावकाश ओसरतो, रिले उशिरा सुटतो, काँटॅक्ट जास्त जळतात. त्यासाठी डायोडच्या सिरीजमध्ये, विरुद्ध दिशेने २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक उलट्या व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) टाकावा. कलेक्टर ३७ व्होल्टच्या आसपास अडतो. क्लॅरन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडलेली क्रिया (इलेक्ट्रॉनचे अडथळ्याआरपार निसटणे) या २४ व्होल्टवाल्यात घडतच नाही, घडते ती अॅव्हलांच, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या टकरींची साखळी. काम मात्र चोख होते.

ट्रान्झिस्टरच्या उरलेल्या दोन पायांचे, बेस-एमिटरचे, दुखणे छुपे. तिथे उलटे ६ व्होल्ट ओलांडले तर ट्रान्झिस्टर मरत नाही, गेन (प्रवाह वाढवण्याची क्षमता) घटत जातो. तिथे १एन४१४८ डायोड उलटा लावला की पुरे.

मॉसफेटमध्ये (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर; अटाला आणि कांग, १९५९-६०, पुन्हा बेल लॅब्जच) गेटखालचा ऑक्साइड फुटतो. मर्यादा साधारण २० व्होल्ट. गेट-सोर्सवर १५ व्होल्टचा झेनर, पायांना चिकटूनच.

मेन्सच्या बाजूचा झिंक ऑक्साइडचा एमओव्ही (व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले की वाहू लागणारा रोधक) साठच्या दशकाअखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी घडवला. आपल्याकडे शेतातल्या थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटला की २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ येतात. २७५चा एमओव्ही तेव्हा सतत वाहतो आणि जळतो. ४२०चा, म्हणजे १४डी६८१ घ्यावा. फ्यूज त्याच्या आधी, नंतर नाही. तरीही हजारेक व्होल्टचा झटका पुढे जातोच, म्हणून ७८१२ या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या आउटपुटवर पी६केई१५ए हा झटके गिळणारा डायोड. तो रेग्युलेटरआधी लावू नये: ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट फिल्टर कपॅसिटरवर १६-१७ होतात आणि तो फुकट जळतो.