हॉकीचा फुलबॅक आणि बर्फावरचा डिफेन्समन

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत माझा भाचा सध्या मोबाईलवर आइस हॉकी बघतो. बाहेर मे महिन्याचा पारा ४५ च्या आसपास, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून हात भरून येतात, आणि त्याच्या स्क्रीनवर पांढराशुभ्र बर्फ. परवा त्याने विचारलं, "मामा, हा डिफेंडर आहे ना? मग गोल सोडून इतका पुढे काय करतोय? तुम्ही तर म्हणता, फुलबॅकने डी, म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ, सोडायची नाही."

शाळेत मी चार वर्षं मुरमाच्या मैदानावर फुलबॅक खेळलो, त्यामुळे प्रश्न थेट मलाच लागला. दोघांचं काम बचावाचं आणि हातात स्टिक, म्हणून आपण दोघांना एकच समजतो. पण फरक पायापासूनच सुरू होतो.

आपल्या हॉकीत फुलबॅकला सगळ्यात जास्त धाक स्वतःच्या पायाचा. डीमध्ये चेंडू बुटाला नुसता घासला तरी पेनल्टी कॉर्नर. आमचे सर रेषेबाहेरून एकच ओरडायचे, "पाय काढ, पाय!" बर्फावर मात्र पक, म्हणजे तिथे चेंडूऐवजी असलेली चकती, स्केटला लागला तर शिट्टी वाजत नाही. उलट, स्केटने पक सरकवून स्टिकवर घेणं हे तिथल्या डिफेन्समनचं रोजचं कसब. त्याहून पुढे, समोरचा जोरदार फटका मारतोय असं दिसलं की तो गुडघ्यांवर घसरत जाऊन फटक्याच्या वाटेत आडवा होतो. ही चकती कडक रबराची, १५६ ते १७० ग्रॅमची, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवलेली. स्लोव्हाकियाचा डिफेन्समन झ्डेनो चाराने २०१२ च्या एका स्पर्धेत ती ताशी १७५ किलोमीटरच्या वेगाने मारली होती. अशा फटक्यापुढे अंग घालणं हा तिथे नोकरीचाच भाग.

मला सगळ्यात जास्त भावलेला फरक गोलच्या मागचा आहे. आपल्याकडे चेंडू गोलरेषेबाहेर गेला की खेळ थांबतो, फुलबॅक दोन श्वास घेतो. बर्फाच्या रिंकला, म्हणजे मैदानाला, चारी बाजूंनी फळ्या, आणि एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगच्या रिंकवर गोलच्या मागे ११ फूट खेळायची जागा. हल्ला करणारा संघ मुद्दाम पक त्या कोपऱ्यात ढकलतो. मग डिफेन्समनला वळून, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून, फळीकडे धाव घ्यावी लागते. मागून दोघे जण पूर्ण वेगात येताहेत हे त्याला ठाऊक असतं, आणि पक ज्याच्याकडे असेल त्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं. फळीवर मागून ढकललं तर शिक्षा होते, पण तोवर लागायचं ते लागून जातं. म्हणून पकपर्यंत पोहोचायच्या आत तो एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघतो. पास जोडीदाराला द्यायचा, फळीवरून फिरवायचा की सरळ मधून पुढे काढायचा, हे त्या दोन नजरांतच ठरतं. इथे पास चुकला तर पक स्वतःच्या गोलसमोर शत्रूच्या हातात. व्हिडिओत धडक दिसते, मान वळवणं दिसत नाही. भाच्याला मी तीच क्लिप थांबवून थांबवून तीनदा दाखवली.

आता तो पुढे का जातो? रिंकवर दोन निळ्या रेषा असतात, दोन्ही गोलांच्या बाजूला एकेक. पक प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या रेषेच्या आत जायच्या आधी हल्लेखोराने आत शिरायचं नाही, हा तिथला ऑफसाइडचा नियम. म्हणजे पक एकदा बाहेर आला की सगळ्या संघाला मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. तो आतच राहावा म्हणून दोन्ही डिफेन्समन त्या रेषेवर उभे राहतात आणि तिथूनच गोलवर फटके मारतात. आपल्या हॉकीत ऑफसाइडचा नियमच १९९८ पासून कायमचा गेला, त्यामुळे आपल्या पाठीमागे कुणी उभा तर नाही ना, ही काळजी फुलबॅकला सतत. आपलेही बचावपटू गोल करतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीत सिंगने १० गोल केले. पण त्यातले बहुतेक पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोकवर, म्हणजे खेळ थांबल्यावर. कॅनडाच्या बॉबी ऑरने चालू खेळात, पक घेऊन स्वतः पुढे धावून डिफेन्समनची व्याख्याच बदलली. एनएचएलच्या एका मोसमात सर्वांत जास्त गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवण्याचा मान दोनदा मिळवणारा तो एकमेव डिफेन्समन. सलग आठ वर्षं सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याच्याकडेच होती. गुडघे गेले आणि १९७८ मध्ये तिशीतच त्याला थांबावं लागलं.

ऑर लवकर उमलला, बाकीच्यांना वेळ लागतो. मुलगा साधारण १८ व्या वर्षी एनएचएलच्या संघाकडून निवडला जातो, मग कित्येकदा काही वर्षं खालच्या लीगमध्ये घासतो. स्वीडनचा निकलास लिड्स्ट्रॉम १९८९ च्या निवडीत ५३ वा होता. डेट्रॉइटच्या संघाकडून तो २० मोसम, १,५६४ सामने खेळला, पण पहिली नॉरिस ट्रॉफी हाती आली तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि सातवी आली तेव्हा ४१. चारा तर ४५ व्या वर्षापर्यंत खेळला, १,६८० सामने. बर्फावर संघाचे दोनच डिफेन्समन असतात, तीन जोड्या आलटून पालटून येतात, एका वेळी पाऊण मिनिटभर. ६० मिनिटांत चांगला डिफेन्समन २०-२५ मिनिटं खेळतो. तेवढ्यासाठी एका मोसमात ८० हून जास्त सामने, आणि अर्धा वेळ उलटं स्केटिंग.

आपल्या फुलबॅकच्या करिअरचं गणित वेगळं आहे, आणि रेल्वेच्या गावात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खेळाडू कोट्यातून नोकरी लागणं ही इथली पहिली ट्रॉफी. ऑलिंपिकमध्ये १९६० चं रौप्य, १९६४ चं सुवर्ण आणि १९६८ चं कांस्य मिळवणारे फुलबॅक पृथीपाल सिंगही आधी पंजाब पोलिसात होते, मग रेल्वेत आले. तिकडे संघाशी कंत्राट असतं आणि ते संपलं की दुसरा संघ शोधायचा. आपल्याकडे स्टिक ठेवल्यावरही दुसऱ्या दिवशी ड्यूटी असते.

"मग मला आइस हॉकी खेळायचीच असेल तर?" भाच्याने विचारलं. भारतात तो खेळ मुख्यतः लडाखमध्ये रुजला आहे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर. २०२५ च्या आशिया चषकात आपल्या मुलींनी कांस्यपदक आणलं, त्यातल्या बहुतेक लडाखच्याच. मी त्याला हे सांगितलं, मग कपाटातून माझा जुना चेंडू काढून त्याच्या हातात ठेवला. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास पकएवढाच. त्याने बराच वेळ तो तळहातावर तोलून पाहिला. ऊन उतरल्यावर आम्ही मैदानात गेलो, आणि तो मुरमावर मान वळवून मागे बघत उलटा पळायला लागला.