ऑल इंग्लंड जिंकली म्हणजे जगज्जेतेपद नव्हे

ठाण्यात एखाद्या सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत ‘बॅडमिंटनमधला पहिला भारतीय जगज्जेता कोण?’ असं विचारा, निम्मा हॉल ‘प्रकाश पदुकोण’ म्हणून ओरडेल. पदुकोण यांनी १९८० मध्ये जिंकली ती ऑल इंग्लंड, म्हणजे इंग्लंडमध्ये होणारी जुनी स्पर्धा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळी, आणि तिथलं पहिलं भारतीय सुवर्ण पी. व्ही. सिंधूचं, २०१९ मध्ये बासेलला.

घोटाळा जुना आहे. ऑल इंग्लंड १८९९ पासून चालू आहे, जागतिक स्पर्धा सुरूच झाली १९७७ मध्ये, स्वीडनच्या माल्मोला. तोवर ऑल इंग्लंड जिंकणाऱ्यालाच लोक जगज्जेता समजत, आणि जिभेची ती सवय पुढेही सुटली नाही.

१९८० हे एकच वर्ष नीट पाहिलं की फरक कळतो. मार्चमध्ये लंडनच्या वेम्ब्ली अरीनात पदुकोण यांनी अंतिम फेरीत इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. दोन महिन्यांनी जकार्तात जागतिक स्पर्धा झाली. किंग तिथेही अंतिम फेरीत हरला, पण रुडी हार्टोनोकडून. म्हणजे त्या वर्षीचा ऑल इंग्लंड विजेता पदुकोण आणि जगज्जेता हार्टोनो. यानं पदुकोण यांचं यश तसूभरही कमी होत नाही. १५-३ हा आकडा किंगसारख्या खेळाडूविरुद्धचा आहे. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा, त्यामुळे आजच्या २१ गुणांच्या गेमशी तो ताडून पाहू नये.

भरीला १९८१ चा वर्ल्ड कप. क्वालालंपूरला पदुकोण यांनी हान जियानला हरवून तोही जिंकला. नावात ‘वर्ल्ड’ असलं तरी ती निमंत्रितांची स्पर्धा होती, जागतिक अजिंक्यपद नव्हे.

आजची ऑल इंग्लंड दरवर्षी मार्चमध्ये बर्मिंगहॅमला होते. वर्ल्ड टूर या वर्षभराच्या स्पर्धामालिकेतली ती सुपर १००० या वरच्या दर्जाची स्पर्धा, म्हणजे रोख बक्षीस आहे. एकेरीत ३२ खेळाडूंचा ड्रॉ; पाच सामने सलग जिंकले की विजेतेपद. जागतिक स्पर्धेत बक्षिसाची रक्कम नसते, पदकं असतात. एकेरीत ६४ चा ड्रॉ, आणि एका देशाचे एका गटात फार तर चार खेळाडू. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, तिसऱ्या क्रमांकाचा सामना होत नाही. म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर ‘ऑल इंग्लंड कांस्यपदक’ दिसलं, तर मजकूर लिहिणाऱ्यानं दोन स्पर्धांची खिचडी केली आहे हे समजावं.

वर्षही तपासावं. २००५ पासून जागतिक स्पर्धा ऑलिंपिकचं वर्ष सोडून दरवर्षी होते. २०२४ मध्ये खुल्या गटाची स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षीचं पदक कुणी सांगितलं तर ते ज्युनियर किंवा इतर गटाचं असणार. २०२१ चा अपवाद कोविडमुळे: ऑलिंपिकही झालं आणि डिसेंबरमध्ये स्पेनला जागतिक स्पर्धाही.

एकीत चमकलेला खेळाडू दुसरीतही चमकेलच असं नाही. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये चीनच्या चेन हाँगला हरवून ऑल इंग्लंड जिंकली, जागतिक पदक मात्र त्यांच्या नावावर नाही. त्यांच्याच अकादमीत घडलेल्या सिंधूचं बरोबर उलटं. तिच्याकडे पाच जागतिक पदकं: २०१३ आणि २०१४ ला कांस्य, २०१७ आणि २०१८ ला रौप्य, मग सुवर्ण. ऑल इंग्लंडमध्ये २०१८ आणि २०२१ ला तिची मजल उपांत्य फेरीपर्यंत गेली. २०१७ ची जागतिक अंतिम लढत ती नोझोमी ओकुहाराशी ११० मिनिटं खेळून हरली होती. बासेलला त्याच ओकुहाराला तिनं २१-७, २१-७ असं ३८ मिनिटांत गुंडाळलं.

साइना नेहवालच्या बाबतीत तर वर्ष एकच, प्रतिस्पर्धीही एकच. २०१५ मध्ये दोन्ही स्पर्धांच्या अंतिम फेरीत ती कॅरोलिना मरिनकडून हरली. ‘२०१५ ची उपविजेती’ एवढंच लिहिलं तर कोणती स्पर्धा ते कळणारच नाही.

प्रश्नमंजूषेत पदुकोण हवेच असतील, तर प्रश्न असा बदला: बॅडमिंटनमध्ये भारताचं पहिलं जागतिक पदक कुणाचं? उत्तर पदुकोण यांचंच. कोपनहेगन, १९८३, पुरुष एकेरीचं कांस्य.